सगळे चढले का?

३ फेब्रुवारी

साबणाचा एजंट दरवर्षी एक डायरी देतो. आमच्या लाँड्रीत तिचा आजवर एकच उपयोग झाला, इस्त्रीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली. काल लेक म्हणाली, "आई, बाबांचं रोज काय होतं ते लिहून ठेव ना. डॉक्टरांनी काही विचारलं की तू सरळ भांडायलाच उठतेस." म्हणून यंदाची डायरी पायाखालून ओढून काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय.

तर, ह्यांच्या घशाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास, आणि नाकातल्या नळीतून दूध. आवाज गेला, आणि तो परत यायचा नाही. हे बसमध्ये कंडक्टर होते तेव्हा "पुढे सरका" म्हणाले की अख्खी बस सरकायची. घरात म्हणाले तर मीसुद्धा ओट्यापासून बाजूला व्हायचे. त्या माणसाला आज पाण्याने ओठ ओले करून हवे होते आणि मला ते कळेपर्यंत ते रडकुंडीला आले. मग मीही रडले. मग दोघं हसलो, म्हणजे मी हसले आणि त्यांच्या गळ्यातून नुसता वारा आला.

वॉर्डाबद्दल न बोललेलं बरं. उभा जन्म मी लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढतेय, माझी नजर आधी चादरीवर जाते. इथल्या चादरीवर औषधाचे असे पिवळे डाग आहेत की ते माझ्या बापालाही निघायचे नाहीत. घरून कडक इस्त्रीची चादर नेली, तर मोठ्या सिस्टर दारातूनच ओरडल्या, "घरची चादर चालत नाही इथं! आज चादर आणली, उद्या सोफा आणाल!" त्यांना सगळा वॉर्ड भोंगा म्हणतो. तोंडावर नाही अर्थात.

५ फेब्रुवारी

ह्यांनी पाटीवर लिहून घरून एक वस्तू मागवली. मला वाटलं चष्मा, तर नाही. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा! निवृत्तीच्या दिवशी परत करायचा "विसरले" होते, तोच. लिहायचा ह्यांना जन्माचा कंटाळा, म्हणून आता पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चिमटा वाजवून बोलतात. एकदा वाजवला की थांब. दोनदा वाजवला की चल. बसमध्ये ड्रायव्हरला घंटी द्यायचे तसंच. सिंगल आणि डबल.

शेजारच्या पलंगावर एक रंगारी आहे, घरं रंगवणारा. त्याच्याही घशात गाठ, ऑपरेशनची तारीख अजून लागायची आहे. दिवसभर बोलतो. मी म्हटलं, भावोजी, घशाला जरा आराम द्या. तर म्हणतो, "वहिनी, आवाज जायच्या आत सगळा वापरून टाकतो. ठेवून काय करायचाय?" त्याने ह्यांची भाषा अर्ध्या तासात उचलली आणि वॉर्डभर पसरवली, ह्यांना कंडक्टर मास्तर म्हणत. आज भोंगा इंजेक्शन घेऊन आली आणि ह्यांनी टक् केलं. लगेच चारी बाजूंनी ओरडा, "सिस्टर, थांबा, मास्तरांनी सिंगल दिलीय!" ती सुई हातात धरून उभी. म्हणाली, "ही काय माझी गाडी आहे का?" पण थांबली. ह्यांनी उशी सरळ केली, बाही वर घेतली आणि मग डबल दिली. तेव्हाच तिने सुई टोचली.

हे पहिल्यापासून असेच. नोकरीत असताना डबल द्यायच्या आधी मागच्या दारातून वाकून बघायचे आणि विचारायचे, "सगळे चढले का?" उत्तर आल्याशिवाय घंटी नाही. आमची गाठ अशीच पडली. मी धुण्याचं गाठोडं घेऊन धावत होते, बस सुटली होती, आणि ह्यांनी सिंगल दिली. आतले लोक कुरकुरायला लागले तर म्हणाले, "अहो, बाई खाली राहिली." मी चढले, आणि आभार मानायचे सोडून भांडले, की आधी दिसले नाही का म्हणून.

ही गोष्ट आज रंगाऱ्याला सांगितली. त्याने ती आणखी तिघांना सांगितली, मीठमसाला लावून.

९ फेब्रुवारी

आज इतका संताप आलाय की अक्षर वाईट येणार.

ह्यांच्या गळ्यातल्या भोकात कफ अडकला की तो ओढून काढायला एक यंत्र असतं. अख्ख्या वॉर्डात एक. ते दुसऱ्या टोकाला दुसऱ्यासाठी चालू होतं आणि इथे हे निळे पडत चाललेले. मी ओरडतेय, भोंगा तिकडे अडकलेली, ती तिथूनच ओरडतेय, "आले, आले, मान वर धरा!" शेवटी रंगारी उठला. एका हातात स्वतःची सलाइनची बाटली वर धरून, अनवाणी, ते यंत्र ढकलत घेऊन आला. एक चाक अडत होतं, ते त्याने लाथेने फिरवलं. भोंगाने मागोमाग येऊन कफ काढला. ह्यांचा रंग परत आला.

याला काय दवाखाना म्हणायचं? पेशंटसाठी पेशंट धावतायत. संडास तुंबलेला, कॉरिडॉरमध्ये माणसं जमिनीवर. मी भोंगाला वाट्टेल ते बोलले. ती ऐकून घेत होती. मग कपाटातून दोन स्वच्छ चादरी काढून माझ्या पिशवीत कोंबल्या आणि म्हणाली, "दाखवत फिरू नका." लाच देते की काय मला गप्प बसायला!

१४ फेब्रुवारी

डॉक्टर आले. माझ्या लेकीपेक्षा लहान असतील, डोळ्यांखाली काळं. छातीचा फोटो दिव्यापुढे धरला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की फुफ्फुसातही पसरलंय. मी विचारलं, पुढे काय करायचं? म्हणाले, "आता त्यांना जास्त छळायचं नाही, आजी. दुखणार नाही, श्वास अडणार नाही, एवढं आम्ही बघतो. जवळ बसा."

जवळ बसा! बसतेच आहे की, स्टुलावर. त्यासाठी कशाला डॉक्टर व्हायला पाहिजे? हात टेकायचे होते तर सरळ सांगायचं, की आम्हाला जमत नाही.

हे ऐकत होते. डॉक्टरांचा हात धरला आणि थोपटला. ह्यांना कोणाचा रागच येत नाही कधी. सगळा माझ्या वाट्याला आलाय.

१५ फेब्रुवारी

लेकीच्या कंपनीचा विमा आईवडिलांनाही चालतो. जावयाने फोनाफोनी केली आणि आम्ही नवा खासगी दवाखाना बघून आलो. काय सांगू! फरशीत तोंड दिसतं. प्रत्येक पलंगाला स्वतःचं कफ ओढायचं यंत्र, भिंतीतच बसवलेलं. डॉक्टरांनी आम्हाला बसवलं, स्वतः बसले, कागदावर फुफ्फुस काढून दाखवलं. म्हणाले, "खात्री देत नाही, पण प्रयत्न करू." प्रयत्न हा शब्द इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी उच्चारला. बाहेर आल्यावर लेकीने माझा हात घट्ट धरला. आणि चादरी! एक सुरकुती नाही. इस्त्री कोण करतं ते विचारायचं राहून गेलं.

रंगाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते होय? तिथं मी काम केलंय. चार हात मारलेत एकेका भिंतीला. भिंतीच्या आत आवाज अडवणारा थर आहे वहिनी, आतलं बाहेर काही ऐकू जात नाही." मी म्हटलं, म्हणजे ह्यांना निवांत झोप लागेल. त्यावर त्याने ह्यांच्या चिमट्याकडे बघितलं. 

१७ फेब्रुवारी

आज हलवलं.

ॲम्ब्युलन्स खाली, स्ट्रेचर पलंगाशेजारी, आणि हे चिमटा घेऊन टक्. सिंगल. मी म्हटलं, काय राहिलं? परत टक्. माझ्याकडेच बघत होते, डोळे मोठे करून. मग लक्षात आलं, रंगारी एक्स-रेला गेलाय, त्याचा निरोप घ्यायचा असणार. थांबलो. तो आला, दोघांनी हात धरले. त्यानंतरही ह्यांनी पुन्हा सिंगल दिली. मी म्हटलं, अहो, आता कोण राहिलंय? वॉर्डबॉय ताटकळलेत, लेक खाली गाडीत बसलीय.

मग मीच त्यांच्या हातातून चिमटा घेतला आणि कठड्यावर दोनदा वाजवला. डबल. "चला, एवढी वर्षं तुम्ही दिलीत, आज मी देते," असं म्हटलं. एकदोघं हसले. स्ट्रेचर हललं. हे हसले नाहीत, पण गळ्याचं भोक दुखत असेल.

भोंगा दारात उभी होती. म्हणाली, "तिथं सांगा, ह्यांना वाजवून बोलायची सवय आहे म्हणून." मी हो म्हटलं. तिथे सगळी शिकलेली माणसं, त्यांना काय कळत नाही?

१८ फेब्रुवारी

इथे ह्यांना सर म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ह्यांनी मान वळवून बघितलं, मागे कोण साहेब आलाय म्हणून. मला इतकं हसू आलं.

खोली एकट्याची. खिडकीला जाड पडदा. सिस्टर पावलं न वाजवता येतात, हसतात, सगळं करून जातात, मला हातही लावू देत नाहीत. "मॅडम, तुम्ही आराम करा." गळ्याची पट्टी इतकी सुरेख बदलली की मी बघतच राहिले. श्वासासाठी कोणाची वाट बघायला नको. हे मी विसरणार नाही.

एका गोड आवाजाच्या मुलीने ह्यांच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. कवळी, चष्मा, पाटी, चिमटा. "इन्फेक्शनचा धोका असतो मॅडम, घरी न्या. सरांना काही लागलं तर उशाला बटण आहे." लाल बटण आहे खरं, वायरीला लावलेलं. बरं झालं, इथे चिमटा हरवला असता. घरी आणून ब्रासोने घासला. नव्यासारखा चमकतोय.

२० फेब्रुवारी

श्वास वाढला म्हणून आयसीयूमध्ये नेलं. भेट सकाळी जराशी, संध्याकाळी जराशी, एकेकाने. उरलेला वेळ खाली गुबगुबीत खुर्च्यांवर. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. शेजारच्या बाईला विचारलं, तुमचं कोण आहे? तिने सांगितलं आणि मोबाइल उघडला. सरकारीत एव्हाना तिच्या सुनेचं माहेर मला कळलं असतं.

आत गेले तर ह्यांच्या गळ्याच्या भोकावर मास्क, उजव्या हाताला सुया. डाव्या हाताच्या नखाने कठडा वाजवला. टक्. इथले कठडे प्लास्टिकचे, आवाज होत नाही, मला दिसलं म्हणून कळलं.

"दुखतंय का?" टक्.
"सिस्टरना बोलवू?" टक्.
"मी आलेय म्हणून गाडी थांबवली होय?" टक्.

मन भरून आलं. एवढ्या आजारातही ह्यांना पहिली भेट आठवते. मग विचारलं, "घरी जायचंय?" तर टक् टक्. लगेच. मी म्हटलं, जाऊच की, आधी बरे व्हा. पुन्हा टक् टक्. इतकी उमेद आहे अजून! लेकीला सांगितलं, तिलाही बरं वाटलं.

आज मानेच्या शिरेत नवीन नळी घालून औषध सोडलं. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न चालू आहेत.

२२ फेब्रुवारी

घरात झोप येत नाही. त्यांच्या उशीवर डोकं ठेवलं तर औषधाचा नाही, त्यांचाच वास आला, आणि मी लहान पोरीसारखी रडले. लाँड्री बंदच आहे. कोणाचातरी कोट दोन आठवडे पडलाय, तो माणूस मला शिव्या देत असेल.

२३ फेब्रुवारी

आज शांत होते. हातांना पांढरे मऊ मोजे घातलेत, जाडजूड, मुठीसारखे, आणि मनगटाशी पट्टी, ती कठड्याला बांधलेली. नळ्या ओढतील म्हणून, असं सिस्टर म्हणाली. कापड हाताने बघितलं. उत्तम सुती, आत कापूस, टाके बारीक. एक काढून मागितला असता धुवायला, पण इथे सगळं त्यांचं ते धुतात.

काही वाजवलं नाही. मी विचारलं, बरं वाटतंय ना? नुसते बघत राहिले. मी पाय चेपले. वेळ संपल्यावर सिस्टरने खांद्याला अगदी हळू हात लावला. ओरडली असती तर भांडून आणखी थोडं थांबले असते. इतकं हळू सांगितलं की मला निघावंच लागलं.

२५ फेब्रुवारी

गेले. सकाळी. मी खाली खुर्चीवर होते, लेक चहा आणायला गेली होती.

वर बोलावलं तोपर्यंत चादर बदललेली होती. एकही सुरकुती नव्हती.

१ मार्च

काही कागदांसाठी जावं लागलं. आयसीयूतली ती तरुण सिस्टर लिफ्टपाशी भेटली. खूप चांगली मुलगी. स्वतःहून थांबली, म्हणाली, "सर मला आठवतात. बटण कधीच दाबलं नाही त्यांनी. पण कठडा सारखा वाजवायचे. एकदा वाजवायचे, थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मग परत एकदा. काही करायला गेलं की जास्तच. आम्हाला वाटलं भ्रम झालाय, बोटं सोलवटायला लागली होती. म्हणून डॉक्टरांनी मिटन्स घालायला सांगितले."

मी विचारलं, मोजे घातल्यावर?

"घातल्यावरही हात हलवायचे. आवाज यायचा नाही."

मी तिला सांगितलं, एक म्हणजे थांब. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला कोणी सांगितलं असतं तर," म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. भोंगाने मला दारात सांगितलं होतं, मी हो म्हटलं होतं. मग इथली चकचकीत फरशी बघण्यात सांगायचं राहूनच गेलं.

लेकीला यातलं काही सांगितलं नाही. तिने वडिलांसाठी जे जमेल ते सगळं केलं. तिच्या डोक्यावर हे कशाला?

किती दिवस एकच गोष्ट सांगत होते! मीसुद्धा समोर उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं की माझ्यासाठी गाडी थांबवतायत. मला कुठे तोंड लपवू असं झालंय.

३ मार्च

भोंगाच्या त्या दोन चादरी धुवून, इस्त्री करून सरकारीत परत द्यायला गेले. चिमटाही बरोबर घेतला. का ते माहीत नव्हतं.

वॉर्ड तसाच. तोच वास, तोच गलका. ह्यांच्या पलंगावर एक म्हातारे होते, आणि त्यांच्या मुलाला एक अनोळखी बाई दूध नळीतून कसं सोडायचं ते शिकवत होती. भोंगाने मला बघितलं आणि पहिल्यांदा ओरडली नाही. माझ्याकडे बघूनच तिला कळलं. चादरी घेतल्या, उलगडून बघितल्या, म्हणाली, "डाग कसे काढलेत हो?" आणि मग तोंड फिरवून कपाटात बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

रंगाऱ्याचं ऑपरेशन झालंय. गळ्याला पट्टी. एवढा बोलका माणूस, मला बघून उठून बसला आणि ओठ नुसतेच हलले. मी मान हलवली. त्याला समजलं. डोळे पुसले त्याने, शर्टाच्या बाहीने, पोरासारखे.

मग उशाचा चमचा घेतला. कठड्यावर एकदा वाजवला आणि माझ्याकडे बघितलं. मग दोनदा वाजवला आणि पुन्हा बघितलं, भुवया वर करून. विचारत होता, शेवटी मास्तरांनी काय दिलं? सिंगल की डबल?

मला वाटलं खरं सांगावं. पण तो त्याच वाटेवर आहे, आणि इतक्या आशेने बघत होता. मी पिशवीतून चिमटा काढला आणि लोखंडी कठड्यावर वाजवला. टक् टक्.

त्याने मोठा श्वास सोडला आणि आडवा झाला. चेहरा एकदम निवळला. डबल दिली म्हणजे मास्तर वाकून बघून, विचारून, सगळं नीट करूनच गेले, असं त्याला वाटलं असणार. चिमटा मी त्याच्या हातात ठेवला. त्याने तो मुठीत धरला.

घरी चालत आले. बस येत होत्या, मी एकीलाही हात केला नाही. निघायची डबल ह्यांनी दिलीच नव्हती. ती एकदाच वाजली, त्याच वॉर्डात, आणि ती मी दिली होती. अख्ख्या नोकरीत ह्यांनी कोणी खाली असताना गाडी सोडली नाही. मी ती सोडली, आणि वाकून विचारलंसुद्धा नाही, सगळे चढले का. आता गाडी लांब गेली आहे आणि मी खाली उभी आहे.